तिसरीतला मुलगा आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण

पत्र

सप्रेम नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचे वर्ग सांभाळते. तिसरीत एक मुलगा आहे, वय आठ. जिल्हा रुग्णालयातून त्याला ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, प्रमाणपत्र मिळालं आहे. परिपाठाला स्पीकर सुरू झाला की तो कानांवर हात ठेवून फाटकाकडे पळतो. प्रश्न विचारला तर माझाच प्रश्न जसाच्या तसा परत म्हणतो. खिचडीच्या वेळी कधीकधी स्वतःच्या मनगटाला चावतो. गेल्या महिन्यात त्याने शेजारच्या मुलीला ढकललं. तेव्हापासून दोन-तीन पालक "याला दुसरीकडे पाठवा" म्हणून मागे लागलेत आणि माझे सहकारी गुरुजीही त्याच मताचे आहेत. तालुक्याला समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या वर्गात सोबत शिकवण्याचं, दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार पडद्यावर दाखवले आणि शेवटी प्रमाणपत्र दिलं. पण सोमवारी साडेदहाला वर्गात काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. मला खरं प्रशिक्षण कुठे मिळेल? तोवर काय करू? आणि त्याच्या भल्यासाठीच त्याला विशेष शाळेत घाला असं पालकांना सांगितलं, तर ते चूक ठरेल का?

– एक शिक्षिका

उत्तर

प्रिय बाई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर ठरलं की बाकीच्यांना दिशा मिळते. हो, चूक ठरेल. तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण हा निर्णय शाळेचा नाहीच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळालं पाहिजे. पसंती मुलाची आणि त्याच्या घरच्यांची. त्यांनी तुमची शाळा निवडली आहे. शिवाय कागद बाजूला ठेवून गावाकडे नजर टाकली, तर तुमच्या तालुक्यात ऑटिझमचं काम जाणणारी विशेष शाळा आहे का? बहुतेक तालुक्यांत नाही. 'दुसरीकडे पाठवा' म्हणणाऱ्यांना विचारा की दुसरीकडे म्हणजे कुठे. सहसा उत्तर येतं, घरी. आठ वर्षांचं मूल घरी बसलं की त्याच्यासोबत त्याची आईही घरी बसते, आणि पुढे त्याला शाळेत परत आणणं फार अवघड होतं.

आता तुमच्या मनातली खरी बोच. "मला हे जमत नाही" असं तुम्ही थेट लिहिलं नाही, पण पत्रभर ते आहे. तुम्हाला जमत नाही, कारण तुम्हाला ते कुणी शिकवलेलंच नाही. याच कायद्याचं कलम १७ सरकारला सांगतं की समावेशित शिक्षणासाठी शिक्षकांना आणि शाळेतल्या इतर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. म्हणजे तुमचं प्रशिक्षण हा तुमच्यावरचा उपकार नाही, तो त्या मुलाचा हक्क आहे आणि तुमचाही. मागताना संकोच करू नका.

फक्त काय मागायचं, ते नीट ठरवून मागा. शिक्षक प्रशिक्षणाबद्दल ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० पासून पुढे बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या कामातून पुढे आलेली गोष्ट तुम्ही स्वतः अनुभवली आहे: नुसतं व्याख्यान ऐकून शिक्षकाला विषय कळतो, पण वर्गातलं वागणं जवळपास बदलत नाही. कुणी करून दाखवलं, आपण करून पाहिलं, कुणी ते बघून सुचवलं आणि पुढचे काही आठवडे कुणी सोबत राहिलं, तर बदल वर्गापर्यंत पोचतो. दोन दिवसांच्या हॉलमधल्या प्रशिक्षणात यातली पहिलीच पायरी होते. प्रशिक्षण देणाऱ्या साधनव्यक्ती वाईट असतात असं मुळीच नाही. पण शंभर शिक्षकांपुढे उभं राहून तुमच्या वर्गातल्या या एका मुलाबद्दल कुणीही काही सांगू शकत नाही. ऑटिझममध्ये तर तसं सांगताच येत नाही. एकाला आवाज सोसत नाही, दुसरा आवाज शोधत फिरतो. एक सतत बोलतो, दुसरा बोलतच नाही.

म्हणून तुमचं प्रशिक्षण तुमच्या वर्गात व्हायला हवं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली तुमच्या तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक किंवा विषयतज्ज्ञ असतात. ते महिन्या-दोन महिन्यांतून शाळेत येत असतील, मुलाला बाजूला घेऊन अर्धा तास काही करून घेत असतील, भेटीच्या वहीत सही करून जात असतील. त्यांच्यावर राग धरू नका, एकेका माणसाकडे किती शाळा आहेत ते विचारून बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं, आणि २०२५ मध्ये राज्यांना ही पदं निश्चित करून भरायला पुन्हा बजावलं. प्रत्यक्षात आपण त्या प्रमाणापासून लांब आहोत. म्हणून जी भेट मिळते, तिचा उपयोग वेगळा करून घ्या. त्यांना सांगा: "मुलाला बाजूला नेऊ नका. परिपाठाच्या वेळी या, खिचडी होईपर्यंत थांबा, वर्गात मागे बसा, मला आणि त्याला बघा. मग एक गोष्ट मला करून दाखवा, आणि मी करते तेव्हा बघा." अर्ध्या दिवसाची अशी एक भेट त्या हॉलमधल्या दोन दिवसांपेक्षा कितीतरी जास्त देऊन जाईल.

ते येण्याआधी तुम्हाला एक काम सुरू करता येईल, आणि माझ्या मते ऑटिझमच्या प्रशिक्षणाचा गाभाच तो आहे. एक शंभर पानी वही घ्या. पानावर तीन रकाने आखा. मधल्या रकान्यात त्याने काय केलं. डावीकडे, त्याच्या आधी काय झालं. उजवीकडे, त्यानंतर काय झालं. बस. 'हट्टीपणा केला', 'अंगात आलं' असलं काही लिहायचं नाही. कॅमेऱ्याने टिपलं असतं तेवढंच. "१२.४० – ताटं वाजवत मुलं रांगेत उभी. मागच्या मुलाचा धक्का लागला. मनगट चावलं. मी ओरडले. आणखी जोरात चावलं. मदतनीस ताईंनी त्याला ओट्यामागे नेलं. थांबला." दोन-तीन आठवडे असं लिहीत गेलात की डावा रकाना बोलायला लागतो.

एका शाळेत मी हे जवळून पाहिलं आहे. तिथल्या मुलाचं चावणं रोज खिचडीच्या वेळी व्हायचं. सगळे म्हणत, त्याला भूक सहन होत नाही. वहीत पाहिलं तर ज्या दिवशी तो रांगेत पहिला उभा होता, त्या दिवसांत चावल्याची नोंदच नव्हती. भूक रोजचीच होती, फरक रांगेचा होता. पत्र्याच्या शेडमध्ये साठ-सत्तर स्टीलची ताटं एकदम वाजत होती, आणि मागून कोण कधी धक्का देईल याचा नेम नव्हता. त्याला सगळ्यांत आधी वाढून व्हरांड्याच्या टोकाला बसवायला लागले. चावणं पूर्ण थांबलं नाही, पण रोजचं राहिलं नाही. त्या बाईंनी कुठला कोर्स केला नव्हता, फक्त डावा रकाना वाचला होता.

तुमच्या मुलाचं कारण हेच असेल असं नाही. पण स्पीकर सुरू होताच तो कान झाकतो हे तुम्हीच लिहिलं आहे, म्हणजे अर्धी नोंद झालेलीच आहे. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांची संवेदना कमी-जास्त असणं हे ऑटिझमच्या लक्षणांत धरलं जातं, २०१३ पासून तर निदानाच्या निकषांतच त्याचा समावेश आहे. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो त्याला दुखत असू शकतो. तेव्हा त्याला परिपाठाला रांगेत उभं करण्याचा आग्रह आधी सोडा. रांगेच्या टोकाला, स्पीकरपासून सगळ्यांत लांब, एक वर्तुळ आखून ती त्याची जागा ठरवा. जमलं तर स्पीकरच बंद ठेवा. सत्तावीस-तीस मुलांच्या शाळेत राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा स्पीकरशिवाय छान होते, आणि मुलांचा आवाजही मोकळा होतो. तेही जड जात असेल तर काही दिवस तो परिपाठ वर्गाच्या दारातून ऐकेल. एवढ्याने कुणाचाही अवमान होत नाही. सहकारी गुरुजींना हे पटवावं लागेल, कारण 'एकाला सूट दिली तर सगळे मागतील' हे वाक्य येणारच. चष्मा लावलेल्या मुलाला पाहून बाकीची मुलं चष्मा मागत नाहीत, एवढंच त्यांना सांगा.

दुसरी गोष्ट दिवसाच्या क्रमाची. आपल्याला वेळापत्रक तोंडपाठ असतं, त्याला पुढे काय येणार ते समजत नाही, आणि न समजण्यातून भीती येते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ मध्ये स्वमग्न मुलांसाठी सुरू केलेल्या टीच या कार्यक्रमाने चित्रांच्या वेळापत्रकाची पद्धत जगभर नेली. आपल्याकडे ती करायला खर्च नाही. फोनवर तुमच्याच शाळेचे फोटो काढा: परिपाठाचं मैदान, फळा, गणिताचं पुस्तक, खिचडीचं ताट, खेळ, घरी जायचं दप्तर. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून पुठ्ठ्याला चिकटवा. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी क्रमाने लावा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. एक काम झालं की त्याने स्वतः ते चित्र काढून खालच्या डब्यात टाकायचं. हे 'स्वतः' फार महत्त्वाचं. अनेक शाळांत असे सुंदर तक्ते भिंतीवर लावलेले असतात आणि अधिकारी आले की दाखवले जातात, पण मूल त्यांना हात लावत नाही. तसा तक्ता काही कामाचा नाही. सुरुवातीला फक्त दोन चित्रं ठेवा: आत्ता हे, नंतर ते. ते समजलं की वाढवा.

आणि बदलाचं एक वेगळं कार्ड करा, लाल रंगाचं. पाऊस आला, खेळाचा तास नाही. केंद्रप्रमुख आले, गणित उद्या. असा बदल झाला की लाल कार्ड त्या चित्रावर लावून त्याला आधी दाखवा. बालआनंद मेळावा, प्रभातफेरी, लसीकरण असे दिवस तुमच्या आमच्यासाठी वेगळेपणाचे असतात, त्याच्यासाठी जमीन सरकल्यासारखे. ज्या दिवशी त्याने मुलीला ढकललं, त्या दिवशी शाळेत नेहमीपेक्षा काही निराळं होतं का, ते आठवून पाहा.

आता बोलण्याबद्दल. तो तुमचाच प्रश्न परत म्हणतो, त्याचा तुम्हाला त्रास होतो, कारण तो चिडवतोय असं वाटतं. तो चिडवत नाही. अनेक स्वमग्न मुलं भाषा शब्दाशब्दाने शिकत नाहीत, अख्खी वाक्यं उचलतात आणि ज्या प्रसंगी ती ऐकली त्या प्रसंगाशी बांधून ठेवतात. "पाणी पाहिजे का?" असं तुम्ही विचारलं आणि त्यानंतर त्याला पाणी मिळालं, तर त्याच्या लेखी 'पाणी पाहिजे का' हेच पाणी मागायचं वाक्य. तो तुमच्याकडे येऊन "पाणी पाहिजे का?" म्हणाला, तर तो पाणी मागतो आहे. त्याला पाणी द्या, आणि देताना त्याच्या बाजूने म्हणा, "मला पाणी हवं." रोज, प्रत्येक वेळी, न कंटाळता. "असं नाही, असं म्हण" अशी दुरुस्ती करत बसू नका, कारण तो तेही पाठ करेल.

तुमची वाक्यं लहान करा. "अरे सगळ्यांनी वह्या काढल्या, तू अजून खिडकीतच बघतोयस, तुला किती वेळा सांगायचं" यातून त्याने नेमकं काय उचलायचं? त्याचं नाव घ्या, जवळ जा, म्हणा, "वही काढ." आणि थांबा. मनात दहा आकडे मोजा. या दहा आकड्यांत काही शिक्षक चारदा सूचना बदलतात आणि दर वेळी मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. 'पळू नको' ऐवजी 'चाल' म्हणा, 'ओरडू नको' ऐवजी 'हळू बोल'. काय करायचं नाही ते सांगितलं तर काय करायचं ते त्याला शोधत बसावं लागतं. 'जरा थांब' टाळा, कारण जरा म्हणजे किती, ते त्याला कळत नाही. 'डोकं खाऊ नको', 'तोंडाला कुलूप लाव' असलं काही तर त्याच्याशी बोलूच नका, तो शब्दशः घेईल आणि गोंधळेल. 'माझ्याकडे बघ' हा आग्रहही सोडा. काही मुलांना डोळ्यांत बघत ऐकणं जमत नाही. खिडकीकडे तोंड करून तो तुमचा पाढा ऐकत असेल. ऐकतोय की नाही ते त्याच्या हातून कळेल.

मनगट चावणं, जमिनीवर लोळणं, किंचाळणं हे सुरू झाल्यावर शिकवायची वेळ संपलेली असते, हे लक्षात ठेवा. त्या क्षणी समजावणं, धमकावणं, आमिष दाखवणं, सगळं फुकट, उलट प्रत्येक शब्द म्हणजे आणखी एक आवाज. बोलणं बंद करा. बाकीच्या मुलांना थोडं दूर करा, शक्यतो वर्गनायकाला एक ठरलेली खूण द्या म्हणजे तुम्हाला ओरडावं लागणार नाही. त्याला किंवा दुसऱ्याला इजा होणार नसेल तर धरू नका. चावत असेल तर हातात जाड कापडाची गुंडाळी द्या. ओसरू द्या. वर्गात एक शांत कोपरा आधीच करून ठेवा, सतरंजी, उशी, त्याच्या आवडीची एखादी वस्तू, आणि तो चांगल्या वेळीही तिथे जाऊन बसू दे. शिक्षा म्हणून त्याला तिथे एकदा जरी बसवलं, तरी कोपऱ्याचा उपयोग संपला. आणि हे सांगायची तुम्हाला गरज नाही, पण शाळेतल्या इतरांसाठी लिहिते: शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने प्रत्येक मुलाच्या बाबतीत बंद केला आहे. या मुलाच्या बाबतीत तर तो क्रूरपणा ठरतो, कारण ज्यासाठी मार बसतोय ते त्याच्या हातात नसतं.

अभ्यासाचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, हे मला खटकलं. रागावू नका, पण तो काय वाचतो, किती अंक ओळखतो, त्याला काय आवडतं, याची एक ओळ पत्रात नाही. वागण्याची चिंता एवढी मोठी होते की त्याचं शिकणं मागे पडतं, हे बहुतेक शाळांत होतं. त्याच्या आईला विचारा, तो घरी काय करतो. एसटीच्या पाट्या वाचणारी, गाड्यांचे नंबर पाठ असणारी, कॅलेंडरवर वार सांगणारी मुलं शाळेत मात्र 'काही येत नाही' या रकान्यात असतात. समजा तुमच्या मुलाला एसटीचं वेड आहे. मग फलाट, वेळ, भाडं, अंतर यांत तिसरीचं बरंचसं गणित बसतं. साताऱ्याची गाडी सव्वानऊला सुटली आणि पावणेअकराला पोचली तर किती वेळ लागला, हे तो कदाचित वर्गात सर्वांआधी सांगेल. मूल्यमापनात तोंडी काम, कृती, प्रात्यक्षिक यांना जागा आहे, तिचा पुरेपूर उपयोग करा. सगळ्या उत्तरांना लेखी पेपरच लागत नाही. प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीवरून मात्र त्याच्या बुद्धीचा अंदाज बांधू नका. आपल्याकडे ऑटिझमची तीव्रता मोजायची जी भारतीय मोजपट्टी आहे, तिच्यात वागणं, बोलणं, संवेदना अशा ४० मुद्द्यांवर गुण देतात. त्यातून निघालेल्या आकड्यावरून त्याला सवलती मिळतील. भागाकार त्याला येईल की नाही, हे तो आकडा सांगत नाही.

त्याच्या आईशी कसं बोलता, याकडे लक्ष द्या. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवरून ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, आणि त्यानंतर जवळजवळ दोन-तीन दशकं जगभरचे तज्ज्ञ आईच्या थंडपणाला दोष देत राहिले. ते साफ चुकीचं होतं, विज्ञानाने ते केव्हाच बाजूला केलं. वर ज्या शॉप्लर यांचं नाव घेतलं, त्यांनी तर पालकांना उपचारातले भागीदार मानूनच आपला कार्यक्रम उभा केला. पण गावात अजून 'आईने मोबाईल दिला म्हणून', 'गरोदरपणात काही केलं असेल म्हणून' हे चालूच आहे, आणि ती बाई ते रोज ऐकते. तुम्ही तिला शाळेत बोलावाल तेव्हा तक्रारीसाठीच बोलावलंय असं तिला वाटणार. म्हणून एक छोटी वही दप्तरात ठेवा, आणि रोज त्यात एक ओळ लिहा. आज त्याने स्वतः ताट धुतलं. आज त्याला झोप येत होती, रात्री झोपला नाही का? ती दोन शब्द उलट लिहील. लिहिता येत नसेल तर मोठ्या भावंडाकडून लिहून घेईल किंवा फोन करेल. 'दिवसभर शाळेत येऊन बसा' असं मात्र तिला सांगू नका. तिला मजुरी असेल, घर असेल, आणि वर्गात आई असताना मूल शाळेचं होत नाही.

तक्रार करणाऱ्या पालकांना टाळू नका. त्या मुलीच्या आई-वडिलांचं म्हणणं रास्त आहे, त्यांच्या लेकीला ढकललं गेलं. त्यांना सांगा की हे पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय बदललं: जागा बदलली, रांग बदलली, सुट्टीत कोण लक्ष ठेवणार ते ठरवलं. मुलाचं निदान मात्र त्याच्या घरच्यांच्या परवानगीवाचून चारचौघांत बोलू नका. वर्गातल्या मुलांना एवढं पुरतं: "त्याला मोठा आवाज दुखतो. तो बोलायला वेळ घेतो. आपण थांबायचं." तिसरी-चौथीची मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. पण एकाच शहाण्या मुलीला त्याची कायमची राखण देऊ नका, तिचंही बालपण आहे. आठवड्याला पाळी बदला.

प्रशिक्षणाबद्दल एक गोष्ट राहिली, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. तुम्ही एकट्या शिकलात तर पुरणार नाही. खिचडी शिजवणाऱ्या मदतनीस ताई, पहिली-दुसरीचे गुरुजी, मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, सगळ्यांना निदान तीन गोष्टी माहीत हव्यात: त्याला काय सोसत नाही, तो बिथरला की काय करायचं, आणि कोणतं वाक्य वापरायचं. एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून ऑफिसच्या कपाटाच्या आतल्या दारावर लावा. तुमची बदली झाली, तरी तो कागद आणि ती तीन रकान्यांची वही पुढच्या शिक्षकाच्या हातात जाईल. हे मी वारंवार पाहिलं आहे, एका बाईंनी वर्षभर कष्ट घेऊन मूल रुळावर आणायचं आणि जूनमध्ये नव्या गुरुजींनी पहिल्या दिवशी त्याचा हात धरून त्याला रांगेत ओढायचं. तिथे सगळं शून्यावर येतं.

तुमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मागणी करा की दर महिन्याला एक तास एका मुलावर बोलायचं. पहिल्या महिन्यात तुम्ही वही घेऊन जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. तुमच्या केंद्रात हजारभर मुलं असतील तर त्या हिशेबाने सात-आठ तरी निघतील, म्हणजे तुमच्याशिवाय आणखी काही शिक्षक याच अडचणीत आहेत आणि कदाचित त्यांच्या वर्गातल्या मुलाच्या अडचणीला अजून नावही मिळालेलं नाही. विशेषतः गप्प बसणाऱ्या मुली राहून जातात, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत. एनसीईआरटीचं प्रशस्त नावाचं अ‍ॅप २०२२ पासून आहे, त्यातली शिक्षकांसाठीची प्रश्नावली अशी मुलं लक्षात आणून द्यायला उपयोगी पडते. मात्र ती निदान करत नाही. 'तुमच्या मुलाला ऑटिझम आहे' असं पालकांना आपण सांगायचं नाही. आपल्याला काय दिसलं ते सांगायचं आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला ते मूल दाखवायचं. दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर समावेशित शिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत, तेही बघा. त्यातून पार्श्वभूमी पक्की होईल. पण आधी वही, मग व्हिडिओ, कारण वही लिहायला लागल्यावर व्हिडिओत काय शोधायचं ते कळतं.

अर्ज असा लिहा, मोजक्या ओळींत. प्रति गटशिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांच्या मार्फत. आमच्या शाळेत इयत्ता तिसरीत ऑटिझमचं प्रमाणपत्र असलेला एक विद्यार्थी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ आणि १७ ला अनुसरून विनंती की, विशेष शिक्षकांनी पुढील तीन महिने पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा दिवस, वर्गात उपस्थित राहून वर्गशिक्षिकेला मार्गदर्शन करावं. त्या विद्यार्थ्यासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा पालकांसह बसून तयार करावा. शाळेतल्या सर्व कर्मचाऱ्यांसाठी शाळेतच एक सत्र घ्यावं. सोबत निरीक्षणाच्या नोंदींची प्रत जोडली आहे.

नोंदींची प्रत जोडायला विसरू नका. नुसत्या मागणीला 'कर्मचारी उपलब्ध नाहीत' असं उत्तर देणं सोपं असतं, तीन आठवड्यांच्या नोंदी समोर असल्या की ते जड जातं. आवक क्रमांक घ्या. महिनाभर काही हालचाल झाली नाही तर जिल्ह्याच्या समावेशित शिक्षण समन्वयकांना त्याच अर्जाची प्रत द्या. त्यानंतरही काही झालं नाही तर मुलाच्या पालकांना पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. त्यांना तो मार्ग तुम्ही सांगा, आणि अर्ज लिहायला मदत करा.